पालथी ताटे

चिन्मयच्या नावावर असलेल्या नासधुशीच्या अकरा प्रकारांपैकी एकही दुसऱ्या कोणी उघडकीस आणलेला नव्हता. अकराही त्याने स्वतःहून सांगितले होते. घडले त्याच दिवशी, घरी, संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान.

स्वरदाने ही दोन वाक्ये आपल्या तक्त्याच्या माथ्यावर लिहिली होती. त्यांच्याखाली कारणाचा रकाना होता आणि तो आठ दिवस रिकामा होता. रविवारी दुपारी दोन वाजता ती भोपाळच्या शाहपुरा भागात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, घरी पोहोचली तेव्हाही तो रिकामाच होता. चार वाजता परिवीक्षा अधिकारी घर पाहायला येणार होत्या. त्यांच्या अहवालावर सोमवारी बाल न्याय मंडळ ठरवणार होते, की सोळा वर्षांच्या चिन्मयला निरीक्षणगृहातून सोडायचे का, आणि सोडायचे तर कोणाच्या ताब्यात.

अण्णांच्या मते त्यात ठरवण्यासारखे काही नव्हते.

"मुलगा या घरचा आहे, या घरी येईल," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते पाठ टेकून बसत नसत. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने एका धरणाच्या भिंतीतली तडजोड नाकारून दोन बढत्या गमावल्या होत्या, आणि त्याचा उल्लेख ते स्वतः कधी करत नसत. "कारण विचारलं तर स्पष्ट सांगायचं. संगत. महाराणा प्रताप नगरातले ते क्लास, तिथली मुलं, हातात मोबाइल. हेमंत, तूही हेच सांग. दोघांचं दोन दिशांना नको."

"मी अबोलीचंही सांगेन म्हणतो," हेमंत म्हणाला. चिन्मयचा बाप कारखान्याच्या कामावर महिन्यातले पंचवीस दिवस परराज्यात असे. आता तो रजा काढून आला होता आणि दाढी करायचे विसरला होता. "नऊ वर्षांच्या मुलाला सोडून आई नागपूरला निघून जाते. परिणाम होणारच ना?"

"अबोली गेली तेव्हा तो नऊचा होता," स्वरदा म्हणाली. "पहिला प्रकार तेराव्या वर्षी. मधली चार वर्षं काय झालं?"

"साठत गेलं असेल आत."

"काय साठत गेलं?"

"ताई, ही काय हगवणीची साथ आहे का? प्रत्येक गोष्टीची तारीख लागते तुला."

"साथीतही लोक आधी असंच म्हणतात. हवा बदलली, दिवस वाईट आलेत. मग एक टाकी सापडते."

"ती टाक्या तपासते," अण्णा म्हणाले. "माणसांचा तिला तितका अनुभव नाही."

स्वरदाने ते सोडून दिले. बावीस वर्षे राज्याच्या साथरोग विभागात काढल्यावर असल्या वाक्यांना उत्तर द्यायची सवय मोडते. तिची कामाची पद्धत एकच होती: रुग्ण, तारीख, वेळ, ठिकाण आणि आधीच्या दोन दिवसांत काय घडले. भाच्याच्या बाबतीतही तिने तेच केले होते. माहिती अण्णांच्याच रोजनिशीतून मिळाली. त्यांनी सात वह्या न मागता तिच्या हाती दिल्या होत्या. लपवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते आणि तसे असते तरी त्यांनी ते लपवले नसते.

या घरात रात्रीच्या जेवणाआधी 'निवेदन' असे. ताटे मांडली जात, पण पालथी. घरातल्या मुलाने त्या दिवशी केलेली एक चूक सांगायची. ती सांगून झाली की अण्णा आपले ताट सुलटे करत आणि मग सगळे करत. शिक्षा नसे, आवाज चढत नसे. नियम तीन होते. चूक खरी असावी. ती आजची असावी. एकदा सांगितलेली पुन्हा चालणार नाही, कारण तीच चूक दोनदा करणे म्हणजे पहिल्या वेळी काही न शिकणे. अण्णांच्या वडिलांनी ही रीत नागपुरात सुरू केली. छप्पन्न साली सरकारी कचेऱ्यांबरोबर ते भोपाळला आले तेव्हा ट्रंका आणि फायलींबरोबर तीही आली. रोजनिशीत अण्णा प्रत्येक निवेदन एका ओळीत लिहीत. क्वचित शेजारी शेरा असे: 'असत्य' किंवा 'पुनरुक्ती'.

स्वरदा हे सगळे जाणून होती, कारण ती याच ताटांसमोर वाढली होती. म्हणूनच कदाचित गेली वीस वर्षे ती या घरी फक्त दुपारी जेवायला येत असे.

स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून सुमित्राबाई ओला हरभरा सोलत होत्या. मुलाविषयीचे बोलणे सुरू झाल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती.

"आई, तुला काय वाटतं?" स्वरदाने विचारले.

"मला काय वाटायचंय," त्या म्हणाल्या. "तो जेवतो का तिथे, एवढं विचार त्या बाईंना."

गुरुवारी स्वरदा निरीक्षणगृहात त्याला भेटली होती. एका लांब बाकाच्या दोन टोकांना दोघे बसले. चिन्मयचे गाल भरले होते. तिने सरळ विचारले, का केलेस.

"पता नहीं, आत्या. खरंच. असं वाटतं, मी करतोय आणि मीच बाजूला उभा राहून बघतोय. मग घरी आलो की एकदम शांत वाटतं."

"पिंटूचं काय झालं, माहीत आहे?"

"हो." त्याने आपल्या तळहातांकडे पाहिले. "त्याला बघून मी पळालो नाही. थांबलो होतो. पण हात नाही लावला विझवायला."

पिंटू हा क्लासच्या इमारतीचा बावीस वर्षांचा सुरक्षारक्षक. चिन्मयने तळघरात एका मोटारसायकलच्या आच्छादनाला काडी लावली आणि पिंटूने ती आग हातांनी विझवली. दोन्ही तळव्यांवर कातडी बसवावी लागली. उजव्या हाताची बोटे अजून मिटत नव्हती. संध्याकाळी पावणेआठला चिन्मयने पालथ्या ताटासमोर बसून हे सांगितले. अण्णांनी ताट सुलटे केले. त्या रात्री चिन्मय चार पोळ्या जेवला, आणि मग आजोबा त्याला स्वतः पोलीस ठाण्यात घेऊन गेले.

निघताना स्वरदाने त्याला विचारले होते, "सोमवारी घरी जायचंय ना?"

"हो." मग जरा थांबून, "म्हणजे, इथून जेवूनच निघता येईल का?"

तिने तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. विधान नोंदवून ठेवले.

चार वाजून दहा मिनिटांनी परिवीक्षा अधिकारी नाहीद कुरेशी आल्या. पन्नाशीच्या, मोठ्या चष्म्याच्या, फाइल छातीशी धरून चालणाऱ्या. त्यांनी चिन्मयची खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, अभ्यासाच्या टेबलाचा खण उघडून पाहिला, आणि मग बैठकीत येऊन पाण्याचा अर्धा ग्लास प्यायल्या.

"घर बहुत व्यवस्थित है," त्या म्हणाल्या. प्रशंसा होती की नोंद, ते कळले नाही.

अण्णांनी शुद्ध, खात्यातल्या हिंदीत निवेदन केले: कुसंगती, मोबाइल, आईचा अभाव. हेमंतने मान डोलावली. बाई लिहीत गेल्या. बहुतेक घरांत त्यांना हीच तीन कारणे मिळत असावीत. हात न थांबता चालत होता.

"खाता है ठीक से?" सुमित्राबाईंनी दारातूनच विचारले.

"अब तो खूब खाता है, माताजी. उनतालीस दिन में चार किलो वज़न बढ़ा है." कुरेशीबाईंनी पेन खाली ठेवले. "मेरी नौकरी में ये पहली बार देखा. वहाँ आकर लड़के सूखते हैं. और शुरू में तो ये खाता ही नहीं था. थाली उलटी रखकर बैठ जाता. स्टाफ़ ने समझा नख़रे हैं. फिर पाँचवें दिन उठकर वॉर्डन के पास गया और पूछा, सर, आज मैंने कुछ नहीं किया. खा लूँ?"

बाहेर तलावाच्या बाजूने कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होते.

"वॉर्डन ने क्या कहा?" स्वरदाने विचारले.

"क्या कहता. बोला, खा ले बेटा. उसके बाद कोई शिकायत नहीं. उनतालीस दिन में एक भी नहीं."

स्वरदाने पर्समधून तक्ता काढला. तिने तो उलगडला.

"अण्णा, तुमच्या वह्यांत नऊ वेळा 'असत्य' आहे. त्यांतल्या सातांनंतर दोन दिवसांच्या आत बाहेर काहीतरी घडलं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचा, शेजाऱ्यांच्या सायकलींचे टायर, पाण्याचा मीटर. उरलेल्या दोन वेळा काही घडलं नाही. एकदा त्याला टायफॉइड होता, आणि एकदा तो दुसऱ्याच दिवशी नागपूरला अबोलीकडे गेला. 'पुनरुक्ती' तीन वेळा. तिन्हींच्या मागोमाग एकेक. पिंटूचा हात त्या तिसरीनंतरचा."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मुलगा चुका करतो म्हणून सांगतो, असं आपण समजत होतो. तो सांगायला लागतं म्हणून करतो."

हेमंतने डोळे मिटले. अण्णांच्या चेहऱ्यावर काही हलले नाही.

"तर्क सुबक आहे," ते म्हणाले. "पण तुला शास्त्र शिकायला मीच पाठवलं होतं, म्हणून विचारतो. हीच पद्धत, हेच ताट, हाच मी. तुम्ही दोघं याच्यातच वाढलात. तुम्ही किती आगी लावल्या?"

प्रश्न बिनतोड होता. स्वरदाने तो स्वतःला आठ दिवस विचारला होता आणि उत्तर पहिल्याच दिवशी सापडले होते. ते द्यायची तिची तयारी नव्हती.

"आम्ही खोटं बोलायचो, अण्णा."

"कधी?"

"रोज," हेमंत म्हणाला. आवाज त्याचा होता याचे त्यालाच नवल वाटल्यासारखे दिसले. "शाळेतून येताना ठरवायचो. आज मी ताईचा कंपास मोडला. उद्या तिने माझी वही लपवली. ती साक्षीदार, मी साक्षीदार. ताईकडे यादी होती, अण्णा. पुढच्या महिन्यापर्यंतची."

"आणि तुम्ही सात वाजता कचेरीतून यायचात," स्वरदा म्हणाली. "तपासायला वेळ नव्हता. चिन्मयच्या वेळी तुम्ही दिवसभर घरी होता. तुम्ही शाळेत फोन करायचात. शेजाऱ्यांना विचारायचात. त्याच्याबरोबर खोटं बोलायला कोणी नव्हतं. आम्ही बिघडलो नाही, कारण आम्ही खरं निवेदन कधी केलंच नाही."

अण्णांनी हेमंतकडे पाहिले. पन्नास वर्षांच्या ओळींतली कोणती खरी होती, हे ते आता विचारू शकत नव्हते.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी मुलाला विचारले. "तो तुझा मुलगा आहे."

"मी महिन्यातले पाच दिवस इथे. तेवढ्यात तो सांगायचा, तुम्ही ताट सुलटं करायचात. मला वाटलं, त्यालाही सापडला असेल काहीतरी मार्ग."

"सापडला," स्वरदा म्हणाली.

कुरेशीबाईंना मराठी पुरते कळत नव्हते, पण त्यांनी फाइल मिटली नाही. त्या थांबल्या होत्या. अण्णांनी हात पुढे केला आणि स्वरदाने तक्ता दिला. त्यांनी चष्मा बदलला. वह्या मागवल्या. मग कोणाशी न बोलता एकेक तारीख पडताळून पाहू लागले. नकाशावरून धरणाची उंची तपासावी तसे डावे बोट वहीवर, उजवे तक्त्यावर. पंचवीस मिनिटे गेली. सुमित्राबाईंचे हरभरा सोलणेही एव्हाना थांबले होते.

"सात आणि तीन, दहा," अण्णा म्हणाले. "अकरावा कुठे?"

"पहिलाच. तो कशातच बसत नाही. आदल्या दिवशी तुमचा शेरा नाही. मी तो तसाच सोडला आहे. दहांवरून जे म्हणता येतं तेवढंच मी म्हणते."

"कोणती तारीख?"

"चौदा नोव्हेंबर. तीन वर्षांपूर्वीची. बागेतले दिवे फोडले ती."

अण्णांनी ती वही उघडली. तेरा तारखेच्या पानावर ओळ होती, शेरा नव्हता. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"तुम्ही सांगा," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या उठून आत आल्या होत्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "नाहीतर मी सांगते."

"सुमित्रा, बस तू."

"बसून बसूनच झालंय हे." त्या मुलांकडे वळल्या. "माझं इन्सुलिन त्याच महिन्यात सुरू झालं होतं. जेवणाआधी टोचायचं आणि अर्ध्या तासात जेवायचं. त्या दिवशी मी टोचलं आणि पानावर बसले. हा म्हणाला, आज माझी काही चूक झाली नाही. हे म्हणाले, आठवून बघ. मग त्याने काहीतरी सांगितलं, खडू चोरला म्हणून. यांनी तिथूनच शाळेतल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, तो आज शाळेत खडूपाशी गेलाच नाही. ताटं पालथीच. नऊ वाजले. मला घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि मी त्याच्या अंगावर पडले. तेरा वर्षांचं पोर. माझं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होतं, अण्णा मी केलंय, मी केलंय, काय केलं ते सांगतो, आजीला जेवू द्या."

"तू बोलली का नाहीस, आई?" हेमंतने विचारले. "तेव्हा, नंतर, कधीतरी?"

"पन्नास वर्षं मी त्या ताटांवर हात ठेवून बसले. तुमच्या वेळी काही बोलले नाही, मग त्याच्या वेळी कोणत्या तोंडाने बोलायचं?" त्यांनी चौकट सोडली. "दुसऱ्या दिवसापासून तो रोज काहीतरी घेऊन यायचा. साडेसातला दारातून आत येताना आधी माझ्याकडे बघायचा. मान हलवायचा. आज आहे, म्हणून. आणि मला, देवाशपथ, मला बरं वाटायचं."

स्वरदाने वडिलांकडे पाहिले. त्यांना नाकारणे सोपे होते. शेरा नव्हता, कागदावर काहीच नव्हते, बायको म्हातारी आणि हळवी होती. चौदा नोव्हेंबरचा प्रकार कशातच बसत नव्हता, आणि न बसणाऱ्या एका आकड्याच्या आधाराने सगळा तक्ता हाणून पाडणे त्यांना येत होते. खात्यात त्यांनी असे किती प्रस्ताव पाडले होते. आणि तक्ता पडला की मुलगा सोमवारी संध्याकाळी पुन्हा पालथ्या ताटासमोर येऊन बसणार होता.

अण्णांनी खिशातले पेन काढले. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर, रिकाम्या जागी, त्यांनी एक शब्द लिहिला आणि वही तिच्याकडे सरकवली.

'असत्य.'

"दवाखान्याच्या धावपळीत लिहायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "तुझे अकरा झाले."

कुरेशीबाईंनी हळूच विचारले, "तो लड़का किसके पास जाएगा?"

"मेरे पास," स्वरदा म्हणाली. "कोलार रोड. दो कमरे हैं. मैं अकेली रहती हूँ."

"पिता को एतराज़?"

हेमंतने मान हलवली, नाही. अण्णांना बाईंनी विचारले नाही, आणि विचारले नाही हे त्यांनी पाहिले.

"इस कॉलम में लिखना पड़ेगा," बाईंनी अर्जाचे चौथे पान उघडले. "अपराध का कारण. मैं कुसंगति लिख चुकी हूँ, काट देती हूँ. आप अपनी भाषा में लिख दीजिए, अनुवाद मैं करवा लूँगी. पर सोच लीजिए, घर की बात है. मंडल के सामने पढ़ी जाएगी."

"और उस गार्ड का?" स्वरदाने विचारले. "इससे उसका क्या होगा?"

"कुछ नहीं. उसका हाथ जैसा है, वैसा है."

"हाँ. यह भी कहीं लिख लीजिए."

स्वरदा लिहू लागली. तिसऱ्या वाक्याच्या शेवटी तिने 'असा अंदाज आहे' असे लिहिले, कारण बावीस वर्षांत तिने त्यावाचून एकही अहवाल दिला नव्हता. अण्णा तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून वाचले.

"अंदाज काढ," ते म्हणाले. "तपासून पाहिलंय आपण."

तिने ते शब्द खोडले. मग पान बाईंकडे दिले. त्यावर लिहिले होते:

'घरातील नियमाप्रमाणे रात्री जेवण्यापूर्वी मुलास रोज एक खरी आणि नवी चूक सांगावी लागे. ती सांगेपर्यंत घरात कोणी जेवत नसे. तेराव्या वर्षी त्याला एका संध्याकाळी चूक सांगता आली नाही आणि जेवण लांबल्यामुळे आजीच्या जिवावर बेतले. तेव्हापासून ज्या दिवशी सांगण्यासारखी चूक नसे, त्या दिवशी तो ती करीत असे.'